चांगोने कबूल केलेलं सोनं

लोधिवलीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची एक वाडी होती. त्या वाडीतल्या बुधीच्या अंगावर आयुष्यात कधी गुंजभरही सोनं चढलं नाही. पण सोन्यापायी तिचा नवरा चांगो तुरुंगात जाता जाता राहिला, आणि तो कोणामुळे वाचला हे ती म्हातारपणीही सांगत बसायची. ऐकणारा कंटाळला तरी ती सांगायची. उपकार फिटत नसतील तर निदान बोलून तरी दाखवावेत, असं तिचं सरळ गणित होतं.

गोष्ट एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालची. मुंबईच्या एका शेठने चौक गावाच्या अलीकडे ओढ्याकाठी पत्र्याची एक शेड उभी केली. तिथे मुंबईहून गोण्याच्या गोण्या यायच्या, आणि गोण्यांत काय, तर केर! सोनारांच्या दुकानांतला केर, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी, भट्ट्यांच्या जुन्या विटा. शेठला वेड लागलं असं आसपासच्या गावांनी ठरवून टाकलं होतं. पण शेठ काही वेडा नव्हता. झारेकरी असला केर धुतात तेव्हा जड कण तेवढे त्यांच्या हाती लागतात; पिठाहून बारीक सोनं राखेतच राहतं. त्या राहिलेल्या सोन्यावर शेठचा डोळा होता.

ते काढायला त्याने आबाजीला धरून आणलं. आबाजी चौकचाच कुणबी. भावकीच्या भांडणाला विटून तरणेपणी घराबाहेर पडला तो थेट कोलारच्या सोन्याच्या खाणीवर पोचला. तिथे दगड दळून त्याचं पीठ करायचे आणि सायनाइडच्या पाण्याने त्यातलं सोनं ओढून घ्यायचे. त्या खात्यात त्याची उमर गेली. परत आला तेव्हा डोक्यावरचे केस संपले होते आणि तोंडात ‘कोलारला असं नव्हतं’ एवढं एक वाक्य कायमचं बसलं होतं.

सायनाइड डब्यातून यायचं, खडीसाखरेसारखं पांढरं. आबाजी ते कुलपात ठेवायचा आणि मापाने काढून भरपूर पाण्यात विरघळवायचा. मुशी-विटांचा चुरा चुन्यात कालवून मोठाल्या लाकडी पिंपांत भरलेला असायचा. त्यावर हे पाणी सोडायचं. पाणी चुऱ्यातून हळूहळू झिरपायचं आणि जाताना सोनं विरघळवून सोबत घेऊन जायचं. सायनाइड दुप्पट घातलं तर सोनंही दुप्पट निघेल, असं शेठला मनापासून वाटे.

“नाय शेठ,” आबाजी म्हणायचा. “त्याला पानी पातळच पायजे, आनि वारा पायजे. वारा नसंल तर नुसत्या इखानं सोनं हलत नाय.”

म्हणून मधूनमधून पिंपातलं पाणी उतरवून चुरा उघडा ठेवायचा, वारा खाऊ द्यायचा. झिरपलेलं पाणी नळीतून खालच्या टाकीत पडायचं आणि टाकीतून कुलूप लावलेल्या एका लांब पेटीत जायचं. पेटीत जस्ताचा कीस भरलेला असायचा. जस्त दिसलं की पाणी सोनं सोडून देतं, आणि किसावर काळा गाळ बसतो. तो गाळ धुऊन, वाळवून, मळ सुटावा म्हणून टाकणखार घालून भट्टीत आटवला की मग कुठे सोन्याचं तोंड दिसायचं.

शेडमध्ये चिंच, लिंबू, आवळा, ताक, काहीही आंबट आणायला बंदी होती. त्या पाण्यात आंबट पडलं की जी वाफ उठते, ती नाकात गेली तर माणूस उभ्याचा आडवा होतो. चुन्यामुळे ती दबून राहते. आबाजीने हे सगळ्यांना इतक्या वेळा बजावलं होतं की लोक शेडमध्ये शिरण्याआधी स्वतःच भाकरी उघडून दाखवायचे.

चांगो पिंपं भरायचा, उपसायचा, टाकीवर नजर ठेवायचा. बुधी आटवणीच्या भट्टीसाठी वाडीवरून कोळशाची पाटी आणायची. दोघांना एकाच जागी काम मिळालं म्हणून ती खूश होती. पण एक दिवस तिच्या देखत एक कावळा टाकीच्या काठावर बसला, चोच बुडवली, दोन पावलं चालला आणि पडला. पाणी कसं, तर झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ! तिचा माणूस रोज त्याच पाण्याशी उभा असायचा.

आता यावर बुधीने काय करावं? भर दुपारी रानात जेवण घेऊन जाताना बायका भातावर कोळशाचा तुकडा ठेवतात, म्हणजे वाटेवरचं काही वाईट त्याला लागत नाही. बुधीच्या आईने ठेवला, आजीने ठेवला. मग पाण्यातल्या वाईटालाही कोळसाच आवरेल, दुसरं कोण आवरणार? पण कावळ्याला लोळवणाऱ्या पाण्याला एक तुकडा कसा पुरेल? तिने बांबूची एक घट्ट टोपली विणली, कोळशाचे बारीक तुकडे करून ती गच्च भरली, वर झाकण शिवलं आणि कोणी नाही असं बघून पिंपाच्या नळीखाली, टाकीच्या आतल्या अंगाला बांधून टाकली. पिंपातलं सगळं पाणी आता त्या कोळशातून गळून टाकीत पडू लागलं. टाकीला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती, म्हणून ती गप्प राहिली. चांगोलासुद्धा बोलली नाही. त्या दिवसापासून तिला झोप मात्र गाढ लागायला लागली.

आणि इकडे सोनं बंद झालं.

आबाजीने पेटी उघडली तर जस्ताचा कीस आत ठेवला तसा लखलखीत. काळा गाळ नावालाही नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा पिंपं भरली, चुना बदलला, पाणी नव्याने केलं. पुन्हा तेच. मग शेठ मोटार घेऊन मुंबईहून आला आणि शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागला. टाकणखाराची पेटी कर्जत स्टेशनावर येऊन पडली होती, ती आणायला आबाजी सकाळीच गेला होता. नेमकी ती वेळ साधून शेडवरचा गजा मुकादम शेठच्या कानाला लागला.

गजाला फार विचार करायची सवय नव्हती. शेडमध्ये चोरी झाली आणि शेडमध्ये कातकरी आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याने चांगोला बाहेरच्या जांभळीला बांधलं आणि ओला दोर काढला.

बुधी पाटी घेऊन आली ती हे बघायला. ती धावली, पण शेडवरच्या दोन गड्यांनी तिला अडवून धरलं. चांगो थोडा वेळ “नाय, नाय” म्हणत राहिला. मग थांबला, मान खाली घातली आणि म्हणाला, “हो. मीच घेतलं.”

“काय केलंस त्याचं?” गजाने विचारलं.

“इकलं.”

“कुठं?”

“कर्जतला. मानूस ठावा नाय.”

दोर थांबला. शेठने कपाळावरचा घाम पुसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदाराला आणायचं ठरवून टाकलं. चांगोला तसाच बांधलेला ठेवून सगळे आपापल्या कामाला लागले. बुधी होती तिथेच बसली. आपल्या माणसाने आपल्यालाही न सांगता असं काही केलं असेल? तो स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला होता. तिच्या मनात एक घडीभर खरोखरच आलं, की केलं असेल. तिला त्याचा राग आला, आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ बघून रडू आलं.

दुपार कलताना आबाजी बैलगाडीतून परतला. बांधलेला चांगो त्याला दिसला, आणि गजाने मिशीवर हात फिरवत सगळी हकिकत सांगितली. आबाजी गाडीतून उतरला आणि जांभळीपाशी जाऊन उकिडवा बसला.

“चांगो, तू सोनं घेतलंस?”

“हो, बाबा.”

“पेटीतनं?”

“हो.”

“कसं दिसत व्हतं रं?”

चांगोने त्याच्याकडे बघितलं. असला प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. “पिवळं,” तो म्हणाला. “चकचकीत, पिवळं.”

आबाजी उठला आणि शेठकडे वळला. “शेठ, सोडा त्याला. आपलं सोनं ह्यानं कदी बघितलंच नाय.”

“तो स्वतः कबूल करतोय!”

“कबूल करंल नाय तर काय! पन शेठ, हितं सोनं पिवळं हाय कुठं? पिपात दिसत नाय. पान्यात रंग नाय. पेटीत असतं तवा काळा चिखल असतो, पायाला लागला तर मानूस धुऊन टाकंल. पिवळं हुतं ते मी आटवल्यावर, तुमच्यासमोर. चोरानं चिखल नेला असता आनि हा पिवळं म्हनला असता व्हय?”

शेठला ते पटलं, पण तो पडला पैशाचा माणूस. “मग माझं सोनं गेलं कुठं?”

“ते मला शोधू द्या. तवर त्याचे हात सोडा.” आणि शेठच्या उत्तराची वाट न बघता आबाजीने स्वतःच दोर सोडला.

मग त्याने उपसलेल्या पिंपातला चिमूटभर चुरा, उरलंसुरलं सोनं ओढून घेणाऱ्या शिशाबरोबर मुशीत आटवून बघितला. त्यात सोनं उरलं नव्हतं. म्हणजे ते पाण्यात उतरलं होतं. आणि जस्त तर कोरं! आबाजी पिंपापाशी उभा राहून मोठ्याने बोलू लागला, जणू समोर शाळेतली पोरं बसली होती. “हितवर सोनं येतं. तितं पेटीत पोचत नाय. मदी ही येवढीशी वाट. मंग वाटंत कोन हाय?”

वाटेत काय होतं ते बुधीला ठाऊक होतं. सांगावं तर बंदी मोडल्याचा गुन्हा. चांगोची सुटका राहिली बाजूला, फौजदार दोघांनाही नेईल. न सांगावं तर चांगो गेलाच. ती उठली आणि आबाजीच्या पायाशी जाऊन बसली.

“बाबा, वाटंत मी हाय. मी कोळसा बांदलाय. ते पानी त्याला लागू नये म्हनून. त्याला मारू नका, मला न्या.”

आबाजीने टाकीत वाकून बघितलं. काळी टोपली पाण्याखाली निवांत लोंबत होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने हसला, आणि बुधीला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

“कोलारला गोरा सायेब ओरडायचा, टाकीत कोळसा पडू देऊ नका!” तो म्हणाला. “का, ते मी कदी इचारलं नाय, आनि हितं येऊन कुनाला सांगितलं बी नाय. चूक माझी, शेठ. तिची नाय, त्याची नाय. माझी.”

त्याने टोपली सोडवली, कोळसा स्वच्छ पाण्याने खूप वेळा धुतला, कढईत पसरून वाळवला आणि मंद विस्तवावर जाळला. राख उडू नये म्हणून तो वाऱ्याच्या आड बसला, आणि गजाला पत्रा धरून उभं केलं. उरली ती मूठभर राख. टाकणखार घालून त्याने ती मुशीत आटवली, मूस उलटी केली, आणि निवल्यावर मळीचा खडा फोडला. आत सुपारीएवढी गोळी होती. या वेळी मात्र पिवळी, चकचकीत.

जस्ताच्या आधीच कोळशाने पाण्यातलं सोनं पिऊन टाकलं होतं. शेठने गोळी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. गजा पत्रा खाली ठेवून बिडी शोधायला लागला.

आबाजी चांगोच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या पाठीला हळद-तेल लावत होता बिचारा, आणि स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होता. “तू केलंच नव्हतंस, तर हो का म्हनलास रं?”

“आमचा आजा असाच धरला व्हता,” चांगो म्हणाला. “तो नाय म्हनत ऱ्हायला. परत आलाच नाय. बाप हो म्हनला, तो सजा भोगून घरी आला.”

आबाजीने दोन्ही हात जोडले आणि तसाच बसून राहिला. एका कुणब्याने कातकऱ्याला हात जोडलेले त्या मुलखात कोणी पाहिले नव्हते, आणि बघणाऱ्यांनी खाली माना घातल्या.

शेड पुढे काही वर्षं चालली आणि शेठचं मन उडालं तशी बंद झाली. चांगो-बुधी परत आपल्या जुन्या कामाला, कोळसा पाडायच्या भट्टीवर गेले. रानातला पहिला मध, पहिले करांद्याचे कंद आबाजीच्या ओटीवर पोचवल्याशिवाय बुधीने कधी घरात खाल्ले नाहीत. तो रागवायचा, ती ऐकायची नाही. आबाजी गेल्यावर त्याच्या सुनेकडे पोचवू लागली.

वाडीतली तरणी पोरं तिला चिडवायची. “आजी, त्यानं राखंतनं सोनं काढलं म्हनून तू येवढी पाया पडतीस?”

“सोन्याला काय करायचं?” बुधी म्हणायची. “कातकरी हो म्हनला, आनि शेठनं खरं मानलं, गजानं खरं मानलं, सगळ्यांनी मानलं. त्याच्या घरात नांदनारी मी, मीबी मानलं. त्या येकट्यानं नाय मानलं.”