हंडीवाल्या काकाजींचं ओलं पोतं

हंडीवाले काकाजी बसले तरी त्यांचा उजवा हात बसत नसे. चहा पिताना, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गप्पा ठोकताना, तेरवीच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहताना तो हात मांडीवर हलके हलके थापट्या मारत राही. नवख्या माणसाला वाटे, म्हातारपणाचा कंप आहे. कंप कसला, धंदाच तो होता. काकाजी माशांचं बीज वाहून नेत. इवल्या पिल्लांनी भरलेली अॅल्युमिनियमची हंडी पुढ्यात घेऊन एसटीत, जीपमध्ये, मिळेल त्यात बसायचं आणि मुक्काम येईपर्यंत आतल्या पाण्यावर तळहाताने थापट्या मारायच्या. त्याने पाण्यात हवा मिसळते. हात थांबला की पिल्लं मरतात. पुढे ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या जाड पिशव्या आल्या, पण काकाजींचा हात काही थांबला नाही.

"घाईनं नेलं तं पोचते, पन जित्तं नाई पोचत," असं ते म्हणत, आणि म्हणून जीपवाले त्यांना पाहिलं की तोंड फिरवत. एकदा दवनीवाड्याच्या तळ्यासाठी बीज नेताना त्यांनी भर दुपारी जीप आंब्याखाली उभी करायला लावली. ऊन उतरेपर्यंत हलूच दिली नाही. आत कोर्टाच्या तारखेला निघालेला एक गृहस्थ होता, तो अंगावर धावून आला. काकाजी हंडीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "भाऊ, तारीख दुसरी भेटन. यायले जीव दुसरा नाई भेटन."

चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ आम्ही सहा वर्षं राहिलो. नवरा बँकेत होता आणि काकाजींचं घर आमच्या कुडाला लागून होतं. त्यांची बायको, माझी काकी, धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला जायची आणि तिच्या गळ्यात गाणी होती. किती होती ते तिलाही ठाऊक नसावं. मी ती लिहून घ्यायला लागले. ती आमच्या ओसरीवर बसून गायची आणि काकाजी अंगणात पाठ करून बसायचे. "तुम्हीही म्हणा की एखादं," म्हटलं तर म्हणायचे, "मले कायले? मी आयकनारा मानूस."

वह्यांना वाळवी लागली, तेव्हा घाबरून आम्ही संगणक घेतला. उरलेलं सगळं मी त्यात टाइप केलं. फ्लॉप्यांवरही उतरवून ठेवलं होतं, पण तळ्याकाठची ओल लागून त्या बुरसल्या. मग एका हिवाळ्यात काकी गेली. दोन दिवसांचा ताप, बस. आणि तिची गाणी जगात एकाच ठिकाणी उरली, आमच्या टेबलावरच्या त्या पांढऱ्या डब्यात.

पुढच्याच मे महिन्यात नाशिकला बदली झाली. सामान ट्रकने जाणार, आम्ही मुलांना घेऊन रेल्वेने. संगणकाचं काय करावं याने माझी झोप उडाली होती. काकाजी न बोलावता आले. त्यांनी मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला, इकडेतिकडे झुकवून पाहिला आणि म्हणाले, "याचा भार तोंडाकडं हाये. तोंड खाली करून ठेवू." काच खाली? मी ओरडलेच. गोंदियाच्या संगणक दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, काकाजी बरोबर सांगताहेत, जाड गादीवर काच खालीच ठेवा. काकाजींनी मॉनिटर गादीवर पालथा घातला आणि भोवती तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, दाबून भरली. सीपीयू मात्र "घरी नेऊन बांधतो" म्हणून ते घेऊन गेले. आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन थेट ट्रकमध्येच चढले.

"काकाजी, दोन दिवस! या उन्हात? काऊन त्रास करून घेता?" त्यांची बोली माझ्या तोंडात अशी कधी कधी यायची.

"बुढीची गानी हायेत ना त्यात?" ते म्हणाले.

नाशिकला तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. गोंदियाचा ड्रायव्हर उतरताच हात जोडून म्हणाला, "दीदी, अब इस बुड्ढे के साथ कभी नहीं आऊँगा. जहाँ पेड़ दिखा, गाड़ी रुकवाई." मी मागे धावले. सामानाच्या ढिगात काकाजी बसलेले, पुढ्यात खोकं, खोक्यावर त्यांचा हात. आणि त्या खोक्यावर गोणपाट, भिजवलेलं, पाणी निथळणारं.

माझी जीभ मुळातच तिखट. त्यात तीन दिवसांची धाकधूक. "पाणी? यंत्रावर पाणी? मासे आहेत का ते आत?" नवे शेजारी दारात येऊन उभे राहिले होते. मी थांबले नाही. "तुम्हाला काय कळतं यातलं! बुडवलीत ना काकीची गाणी!"

काकाजींचा हात थांबला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा स्थिर पाहिला. त्यांनी खोकं आत आणलं आणि जमिनीवर उकिडवे बसून ते सोडायला लागले. पोतं काढलं, खोकं उघडलं, तणीस काढली. खाली बीज नेण्याच्या त्या जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या निघाल्या, एकीत एक, तोंडं पिळून, दुमडून, रबराने आवळलेली. "आतलं पानी बाहेर येत नाई, तं बाहेरचं आत कसं जाईन?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "ऊन लय होतं बाई. म्हनून पोतं ओलं ठेवलं." पिशवीत आमच्या जुन्या घराची धूळसुद्धा कोरडी होती.

मला इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही. "काकाजी, मी फार वाईट बोलले," एवढंच कसंबसं म्हणाले. ते म्हणाले, "बोलली तं बोलली. चालू करून पाय."

दुपारी संगणक चालू झाला. काकाजींना वाचता येत नव्हतं. "वाच," ते म्हणाले, आणि मी काकीचं पहिलं गाणं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीनंतर त्यांनी मला अडवलं.

"थांब. इथं बुढी थांबे."

"का?"

"रोवनीत वाकून वाकून कंबर धरे ना. सरळ होये, मंग पुढचं म्हने."

मी तिथे एक ओळ रिकामी सोडली. त्यांनी पडद्याजवळ बोट नेलं. अक्षरं त्यांना परकी होती, पण ती मोकळी जागा त्यांनी ओळखली. "हो. हेच." संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही सगळी गाणी वाचली. जिथे जिथे ती थांबायची, तिथे त्यांनी मला थांबवलं.

ती आमची शेवटची भेट. दोन पावसाळ्यांनंतर काकाजी गेल्याचं पत्र आलं आणि मला जाता आलं नाही. त्यानंतर आमच्याकडे तीन संगणक बदलले. नवा आला की आधी गाणी त्यात जातात, मग बाकीचं.

मध्यंतरी त्या गाण्यांचं छोटं पुस्तक काढायचं ठरलं. छापणाऱ्याने सगळ्या रिकाम्या ओळी चूक समजून काढून टाकल्या. मी त्याच्या शेजारी बसून एकेक परत घालून घेतली. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, इथे काही लिहायचं राहिलंय का?"

म्हटलं, "नाही. तिथे काकी कंबर सरळ करतेय."