‘नाही’ म्हणायची सवय

अडुसष्ट वर्षांच्या डॉटी हॅस्केलने सरकारला आयुष्यभर एकच उत्तर दिलं होतं. गांजा लावलाय का? नाही. मग ते हिरवं काय? टोमॅटो. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेच्या त्या डोंगरात सगळेच टोमॅटो लावायचे, आणि बाजारात टोमॅटो औषधालाही मिळायचा नाही. वर हेलिकॉप्टर घरघरलं की डॉटी झाडांखाली दडायची आणि पायलटच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मग राज्याने गांजा कायदेशीर केला. पण दुकानं हवीत की नकोत, ते ज्या त्या गावाने ठरवायचं. मॅड्रोन फ्लॅटच्या मतपत्रिकेवर प्रश्न आला: गावात गांजाची दुकानं उघडू द्यावीत आणि विक्रीवर शेकडा चार कर घ्यावा का? डॉटीने चांभाराचं बंद दुकान केव्हाच हेरलं होतं. गुडघे आता डोंगर चढत नव्हते. प्रस्ताव पडला तर दुकान गेलं, आणि दुसरा धंदा तिला येत नव्हता.

चर्चवाले विरोधात होते, म्हणजे त्यांचा तरी भरवसा होता. धास्ती होती ती आपल्याच माणसांची. तिचा दीर वेंडेल दाढीत निम्मं शेत घेऊन फिरायचा.

“तीस वर्षं त्यांच्यापासून लपलो,” तो म्हणाला, “आणि आता आपण होऊन कर देऊ?”

“तुझा माल मी राजरोस घेईन की.”

“आणि त्यांनी विचारलं, कुठे पिकवला?”

“तर खरं सांग.”

वेंडेलला ठसका लागला. “डॉटी, तोंडाला येईल ते बोलू नकोस.”

उन्हाळाभर ती खटारा गाडी घेऊन दारोदार फिरली. घरी भाजलेला ॲपल पाय खाऊ घालून म्हाताऱ्यांना पढवलं: या वेळी ‘हो’वर खूण करायची. शेवटी वेंडेलही कुरकुरत तयार झाला.

मतदान अग्निशमन बंबाच्या गॅरेजमध्ये होतं. वेंडेलला गाडीतून घेऊन आलेली डॉटी दाराशी थांबली. तो आडोशामागून कागद हातात घेऊन, मान खाली घालून आला.

“सरकारी कागद, त्यावर प्रश्न,” तो पुटपुटला. “हात आपोआप ‘नाही’वर गेला.”

“पेटीत टाकलास?”

“अजून नाही.”

“मग टेबलापाशी जा, चुकली म्हण. दुसरी पत्रिका देतात.”

वेंडेलने डोळे बारीक केले. “तुला काय माहीत?”

डॉटी बंबाकडे बघत राहिली. “सकाळी मी घेतली.”

त्या दिवशी टेबलावरच्या बाईने चौदा पत्रिका बदलून दिल्या, चौदाही डोंगरातल्यांना. प्रस्ताव नऊ मतांनी मंजूर झाला.

वसंतात दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी लुएला. विरोधाचे फलक तिनेच रंगवले होते, पण बोटांचा संधिवात फलक वाचत नाही. इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, “गांजा आहे का?”

“नाही,” डॉटी म्हणाली.

कोपऱ्यात खोकी रचणारा वेंडेल खाकरला.