माझ्यासकट ओता

साइटवर सगळे तिला फ्यूज म्हणत. कधी उडेल याचा नेम नसे. वायरिंग ती वडिलांच्या हाताखाली शिकली. ते गेल्यावर थोरल्या भावाच्या ठेकेदारीत विजेची कामं तीच बघू लागली. दुसरं कुणी तुला दारात उभं करणार नाही, हे दादा अधूनमधून ऐकवायचाही.

त्या दिवशी एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात काँक्रीट पडायचं होतं. खड्ड्यात सळयांची जाळी तयार, काठावर मिक्सरची गाडी गरगरत उभी, आणि जाळीवर मांडी ठोकून बसलेली फ्यूज. सळया, शिडी, पंप, तलावाचं सगळं लोखंड एकाच तांब्याच्या तारेने जोडायचं असतं. नाहीतर कुठे बिघाड झाला की शिडी धरणाऱ्या ओल्या पोराच्या अंगातून वीज वाट काढते. तार आली होती, पण ती सळयांना आवळणारे पितळी क्लॅम्प आले नव्हते. आधी आलेले लोखंडी तिने परत पाठवले होते. तांब्याला लागून काँक्रीटच्या पोटात ते गंजले असते.

दादाचं म्हणणं, तार नुसती गुंडाळ आणि वर ये, पंपाला अर्थिंग आहेच. ती म्हणाली, अर्थिंग वेगळं, ही जोडणी वेगळी. आणि एकदा काँक्रीट पडलं की या सळया पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाहीत.

"बाई, माल घट्ट होतोय," मिक्सरवाला वरून म्हणाला.

"मग माझ्यासकट ओता. पुतळ्याचा खर्च वाचेल."

दादा खाली उतरला. "बाबांनी तुला डोक्यावर चढवून ठेवलंय. आज नडलीस तर ही तुझी शेवटची साइट."

"चालेल. पण ही अर्धी सोडणार नाही."

तेवढ्यात दादाची बायको स्कूटरवरून आली. क्लॅम्प ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकलेत, हे नणंदेने तिला सकाळीच कळवलं होतं. न विचारता कशी गेलीस, असं दादाने दरडावलं.

"विचारलं असतं तर अजून घरीच असते," वहिनी म्हणाली आणि पिशवी खाली सोडली.

फ्यूजने एकेक क्लॅम्प आवळला, तार शिडीच्या जागेपर्यंत नेली, मीटर लावून खात्री केली आणि मगच वर आली. काँक्रीट पडलं. दादा शब्दाचा पक्का. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी हजर. पंपाची जोडणी राहिली होती. पहारेकऱ्याने चाचरत दादाचा हुकूम सांगितला.

"मी कामाला आलेली नाही," हत्यारांची पिशवी फाटकाच्या आत टाकत ती म्हणाली, "राहिलेलं संपवायला आलेय. अडवायचं तर त्याला स्वतः येऊ दे."