वहीचा पुठ्ठा

रविवार, सकाळी नऊ. हजर: मी, घाटनांदूरचे मिस्त्री आणि आमची जुन्या घाटणीची, नव्याने बनवलेली स्पोर्ट्स कार. संध्याकाळी भाचीची वरात हिच्यातूनच निघायची होती आणि इंजिन मिनिटभरात बंद पडत होतं.

मी वहीतून अकरा तक्रारी वाचू लागले. मिस्त्रींनी नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली.

"ताई, जरा तिला बी बोलू द्या की!"

मग कार्बोरेटरच्या बुडाशी ओलं फडकं दाबलं. इंजिन चालू राहिलं.

"पॅकिंग फाटलंय. त्या फटीतनं हवा खातीय."

"नवं आणू?"

"आयतवारी कोण देतंय? वही द्या."

त्यांनी वहीचा पुठ्ठा फाडला, हातोडीने ठोकत पॅकिंग कापलं, बसवलं.

"लई कामाची वही हाय तुमची!"

वरात थाटात निघाली. बिनपुठ्ठ्याच्या वहीत पहिल्याच पानावर अजून एक काम तसंच आहे: नवं पॅकिंग आणणे.