शाल नको, माणूस द्या

प्राप्ती भोईर तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक ऑफिसात ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, आणि साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला वचकून असत. जसखारचं आगरी घर. वडील कृष्णाजी मिठागरावर राबलेले; ते मिठागर बंदरात गेलं. प्राप्ती उरणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि त्याच बंदराच्या कामाला लागली.

जहाजातल्या कंटेनरांची यादी आम्हाला सांकेतिक फाइलीतून यायची. कुठल्या कंटेनरात काय आहे, तो कुठे उतरवायचा, थंड ठेवायचा का, सगळं त्यात. प्रत्येक जहाज कंपनीची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. आम्ही ती वाचून हाताने उतरवून घ्यायचो, चुकायचो आणि बोलणी खायचो. प्राप्तीने वैतागून ती फाइल आपोआप वाचणारा प्रोग्राम लिहिला, त्याला ‘गोदी’ नाव दिलं आणि इंटरनेटवर खुला ठेवला. कुणीही घ्या, वापरा, बदला, पैसे नकोत. लोकांनी घेतला. आधी इथल्या ऑफिसांनी, मग चेन्नई, कोलंबो, पुढे कुठकुठल्या बंदरांनी. काही कंपन्यांनी तर तो आपल्या महागड्या सॉफ्टवेअरच्या पोटात घालून विकला. तेही तिच्याच परवानगीत बसत होतं.

पण जहाज कंपन्या तऱ्हा बदलत राहतात आणि प्रोग्रामला दुरुस्ती लागते. ती सगळी प्राप्ती करायची, ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी. त्याबद्दल तिला येणारे निरोप असे: ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे आमचा माल अडकला.’ ‘आजच्या आज दुरुस्त करा.’ ‘जमत नसेल तर हा उद्योग सोडा.’ ती उलट लिहायची, ‘पैसे परत करते. किती भरले होते?’

मग एका मोठ्या जहाज कंपनीने आपली फाइल पार बदलली आणि गोदी ठिकठिकाणी बंद पडू लागली. त्या रविवारी मी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला तिच्या घरी गेलो होतो. एका लॉजिस्टिक कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख, प्रणय दिघे, याचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“मॅडम, आमचं कंटेनर यार्ड बंद आहे. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं पाहिजे.”

“मी तुमच्याकडे कामाला आहे?”

“सॉफ्टवेअर तुमचं. जबाबदारी तुमची.”

“आणि ते विकून आलेला नफा?”

“हा अ‍ॅटिट्यूड ठेवलात ना, तर या धंद्यात तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही.”

तिने फोन बंद केला. पडवीत बसलेल्या कृष्णाजींनी विचारलं, “याचा पगार कोन देतो तुला?”

“कुनी न्हाय.”

“मंग करतेस कशाला?”

“मी केलंय म्हणून. नीट चालताना बघून बरं वाटायचं.” फोन पालथा ठेवत म्हणाली, “आता तेही न्हाय वाटत.”

म्हातारा भडकला. “दर्याचं पानी आडवनारा आमचा खारीचा बांध फुटला का घरटी एक मानूस जायाचा. ज्याला जमत न्हाय त्यानं बदली मानूस द्यायाचा, न्हाय तर मजुरी भरायाची. सगल्यांचा बांध एकट्या पोरीनं बांधायचा? याड लागलंय तुला!”

मी असतानाच तिने गोदीच्या पानावर लिहिलं: ‘आजपासून मी याला हात लावणार नाही. वापरणाऱ्या कंपन्यांनी मिळून पगार द्यावा, किंवा आपला माणूस या कामाला द्यावा. दोन्ही नको असेल तर कोड उघडा आहे, स्वतः दुरुस्त करा.’

मग जे सुरू झालं ते वाचवत नव्हतं. लालची. खंडणीखोर. घरात बसून जगाला वेठीला धरणारी बाई. आमच्या साहेबानेही तिला बोलावून ‘ऑफिसचं नाव खराब होतंय’ म्हणून झापलं. त्याचं अर्धं काम गोदीवर चालत होतं. तिने तिथल्या तिथे राजीनामा दिला.

दिघेने गोदीची नक्कल करून तिला स्वतःच्या कंपनीचं नाव लावलं. त्याच्या माणसांनी घाईत दुरुस्ती केली, म्हणजे ज्या ओळी कळत नव्हत्या त्या वगळून टाकल्या. त्यातच तापमानाची ओळ होती. मुरुडच्या निर्यातदार अश्फाकभाईंची गोठवलेली कोळंबी दिघेच्या यार्डात आली ती साधा माल म्हणून. कंटेनरांना वीज जोडलीच नाही, ते उन्हात उभे राहिले. वास जसखारपर्यंत आला असं लोक सांगतात. ते खोटं, पण यार्डात ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधून हिंडत होते, ते मी पाहिलं.

दिघेने दोष मूळ गोदीवर ढकलला. प्राप्तीने दोन्ही कोड शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं: ‘ही माझी ओळ. ही यांनी काढली. वास इथून येतोय.’

दिघेच्या कंपनीला भांडण मिटवायचं होतं, म्हणून पनवेलच्या एका हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला. पगाराची घोषणा होईल असं फोनवर सुचवलं होतं, म्हणून ती गेली. दिघे माइकवर ‘निःस्वार्थ सेवा’ या विषयावर बराच बोलला. पगाराचा शब्द नाही. मग शाल घेऊन पुढे झाला. प्राप्तीने ती खांद्याला लागूच दिली नाही. माइक घेतला.

“निःस्वार्थ मी होते. तुम्ही नव्हतात. शाल नको, माणूस द्या. नाही तर पगार द्या.”

“मॅडम, आजचा दिवस आनंदाचा आहे...”

“तुमचा. माझ्या नावावर तुमची सडलेली कोळंबी आहे. ती आधी उतरवा.”

कुणीतरी माइक बंद केला. अश्फाकभाई पाहुण्यांच्या रांगेत होते. ते उठले आणि दिघेला सगळ्यांदेखत म्हणाले, “जो यार्ड या कामाला पैसे देणार नाही, तिथे माझा माल येणार नाही.” त्यांच्यामागे आणखी निर्यातदारांनी तेच धरलं. गिऱ्हाईक जायला लागलं तेव्हा कंपन्यांना कंठ फुटला.

आता गोदीला एक निधी आहे. कंपनीने माणूस द्यायचा किंवा पैसे. दिघेची कंपनी सगळ्यात शेवटी आली, आणि मूळ प्रोग्रामात दोष नव्हता हे लिहून दिल्यावरच प्राप्तीने तिला आत घेतलं. निधीतून मिळणारा पूर्ण पगार मात्र तिने एकटीने घेतला नाही. उरलेल्या अर्ध्यावर थळची मृणाली तिच्या जोडीला दुरुस्तीच्या कामाला आली, पहिल्या दिवसापासून पगारी.

दिघेशी ती अजून बोलत नाही. मी एकदा विचारलं, “आता तरी बरं वाटतं का?”

“पूर्वी कुणाचं अडलेलं सुटलं की मजा यायची,” ती म्हणाली. “आता तक्रार आली की आधी बघते, कुठल्या कंपनीची. शिव्या देणाऱ्यांतली असली तर मुद्दाम शेवटी घेते. असं काम करू नये कुणी.”

दिवाळीनंतर तिने सगळं मृणालीच्या हाती दिलं आणि बेलापूरला दुसऱ्या नोकरीवर जाऊ लागली. मृणालीला पूर्ण पगार मिळतो, जोडीला नवा माणूस घेतलाय. निरोपाचा कार्यक्रम प्राप्तीने करू दिला नाही.