नवा कोच आणि माझं माहेर

बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो, तेव्हा फुटबॉलमधलं मला एवढंच कळायचं की टीम हरली की त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. कंपनीची टीम पगारी होती. चांगल्या खेळणाऱ्या पोराला कंपनी नोकरी द्यायची. कागदावर तो फिटर नाहीतर कारकून, पाळी चुकायची नाही, पण खरी किंमत मैदानावरची. माझे यजमान पर्सोनेल ऑफिसर, आणि वरून टीमचे सेक्रेटरी. त्या ‘वरून’चं कौतुक कधी कुणी केलं नाही, शिव्या मात्र भरपूर मिळाल्या.

मला काळजी करायची खोड लहानपणापासूनची. काही चांगलं घडायला लागलं की आता काय बिघडणार ते मी शोधायला लागते. तेव्हा पुढे सांगते आहे त्यातली निम्मी भीती माझ्या स्वभावाची आणि निम्मी खरी, असं धरून चाला.

टीमचे जुने कोच केरळचे. आईच्या आजारपणासाठी गावी गेले आणि आता परत येत नाही म्हणून त्यांनी कळवलं. हैदराबादच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. कंपनीनं नवा कोच घ्यायचं ठरवलं, पक्क्या पगारावर आणि राहायला क्वार्टर देऊन. बरेच जण येऊन भेटून गेले आणि शेवटी दोन नावं उरली. एक सिकंदराबादचे रिटायर फौजी, फौजेच्या टीमला शिकवलेले. दुसरा माझा धाकटा भाऊ.

आमचं माहेर बोथजवळच्या खेड्यातलं, कापूस-ज्वारीचं घर. भाऊ नागपूरला कॉलेजात असताना फुटबॉल खेळला, चांगला खेळला, आणि मग बोथच्या एका खाजगी शाळेत ड्रिल मास्तर झाला. बोलायला असा गोड की चिडलेला माणूसही त्याच्यासाठी चहा मागवायचा. कोचची जागा निघाल्याचं त्याला मीच कळवलं होतं. त्यावर एक दिवस तो ट्रंक आणि वळकटी घेऊन दारात उभा.

“नोकरी सोडून आलो, ताई.”

“काऊन? अजून निवड कुठं झाली?”

“भाऊजी सेक्रेटरी हायेत ना! आता कायची निवड?”

त्याची बायको पोटुशी होती, सातवा लागलेला. शाळेनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेऊनही टाकला होता. म्हणजे परतीची वाट बंद. बरं, एकटा तोच असा नव्हता. गावातल्या कुणालाच यात शंका वाटत नव्हती. आईनं बसनं येणाऱ्या एका सोयऱ्याबरोबर निरोप धाडला की जावईबापूंना म्हणावं, देव तुमचं भलं करो. काम झाल्यासारखे आशीर्वाद येऊ लागले होते. आणि ज्यांच्या हातात काम होतं ते माझ्यासमोर बसून मुकाट्यानं वरणभात जेवत होते.

माझे यजमान सरळ माणूस. सरळ माणसाशी संसार करणं किती कठीण असतं ते ज्यांचे नवरे थोडे वाकडे आहेत त्यांना कळायचं नाही. मी विचारलं की म्हणत, “कमिटीचं कमिटीत.”

“अवो, पन तुमच्या मनात काय हाय ते तं सांगा.”

“मनातलं मनात.”

कमिटीनं दोघांनाही एकेक आठवडा टीम हातात दिली. मैदान आमच्या क्वार्टरच्या मागेच होतं. मागच्या पायरीवर बसलं की सगळं दिसायचं. फौजी आले तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली नाही. आधी एकेका पोराला जवळ बोलावून काहीतरी विचारत राहिले. मग काही पोरं पळायला लागली आणि काही चिंचेच्या सावलीत बसूनच पायानं चेंडू घोळवत राहिली. मला वाटलं, हा काय कोच, अर्धी टीम तर बसवून ठेवली! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जेवताना यजमान आपणहून बोलले. “कोन कोनत्या पाळीतून आला ते विचारलं त्यायनं पह्यले. खाणीत उतरून आलेल्या पोट्ट्यायले पळवलं नाही. आजवर कोनाच्या ध्यानात आलं नव्हतं हे. असा मानूस पाह्यला नाही मी.”

समोर भाऊ जेवत होता. तो भाकरी मोडता मोडता थांबला आणि म्हणाला, “हो, चांगला हाय मानूस.” ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा कान लाल झाले. मी उगाच दोघांनाही वरण वाढलं. पण माझा जीव त्या क्षणी टांगणीला लागला तो लागलाच.

पुढच्या आठवड्यात भावाची पाळी. मैदानावर नुसता हशा. पोरं त्याच्यावर खूश, तो म्हणेल तेवढी पळत होती. रात्रपाळी करून आलेला एक पोरगा मात्र पळता पळता ओकला. भावानं त्याला पाठुंगळी घेतलं, नळाखाली बसवलं, स्वतःच्या हातानं त्याचं तोंड धुतलं. बघणाऱ्यांना भावाची माया दिसली. ह्यांना काय दिसलं असेल ते मला माहीत होतं.

त्या दिवसांत मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ, हे म्हणून झालं. तुमच्या बहिणीच्या लग्नात माझा भाऊ किती राबला, हेही काढून झालं. हे ऐकून घेत आणि चष्मा पुसत. इकडे भाऊ निवांत. दुपारी ताणून द्यायचा, संध्याकाळी पोरांत जाऊन गप्पा छाटायचा. “ताई, तू कायले एवढी घोर करून राह्यली?” असं मलाच विचारायचा. त्याचा तो निवांतपणा बघून तर माझी आणखीच घाबरगुंडी उडायची. हा पोरगा कशाच्या जोरावर झोपतो आहे?

निवडीच्या दिवशी कमिटी जीएमसाहेबांच्या खोलीत बसली. कमिटीत चौघे: स्वतः जीएम, युनियनचे पुढारी, खाणीच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि आमचे हे. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले. भाऊ मैदानावर जाऊन बसला होता. हे फौजीला मत देणार, बाकीचे सेक्रेटरीचं ऐकणार, आणि भावाची बायको बाळंत होईल तेव्हा त्याच्या हातात काहीच नसेल. आणि हे सगळं माझ्या घरातून घडलेलं असेल. त्यानंतर मी ह्यांच्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघणार होते, ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

ऊन उतरल्यावर शेजारच्या डॉक्टरीणबाई, कमिटीतल्या डॉक्टरांच्या पत्नी, वाटीत साखर घेऊन आल्या. त्या तेलुगू, आमचं बोलणं हिंदीत चालायचं.

“मुबारक हो! आपके भाई का हो गया.”

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, आमच्या ह्यांनी मत दिलं का त्याला?

“अरे, मत क्या देंगे? कितने शरीफ आदमी हैं! भाई का नाम आते ही कुछ बोले नहीं, उठके बाहर चले गए. तो सब समझ गए ना. बावमरिदि है, खुद के मुँह से कैसे बोलेंगे?”

तेलुगूत साळ्याला बावमरिदि म्हणतात. साहेब स्वतःच्या तोंडानं सांगणार नाहीत, तेव्हा आपणच समजून घ्यायचं, अशी मुर्वत राखून तिघांनी भावाचं नाव पक्कं केलं होतं. फौजीवर चर्चासुद्धा झाली नाही म्हणे.

यजमान घरी आले ते चेहरा पाडून. चपला काढल्या आणि नुसते उभे राहिले. मी साखर पुढे केली तर म्हणाले, “माह्यं मत फौजीले होतं.”

“मंग आत बसून काऊन नाही बोलले?”

“सख्खा साळा. हो म्हनलं तं लोक बोट दाखवतीन, नाही म्हनलं तं तू. म्हनून बाहेर बसलो. वाटलं, मी नसलो का ते मोकळ्या मनानं ठरवतीन.”

त्या माणसाची मला इतकी दया आली, आणि इतका रागही आला, की साखरेची वाटी हातातच राहिली. मग ते म्हणाले की उद्या सकाळी जीएमसाहेबांना खरं काय ते सांगून येतो. झालं! आलेला जीव पुन्हा गेला. मी पाया पडले, नका जाऊ म्हटलं. ते गेले. परत आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघायलाही धजेना.

“काय म्हनले साहेब?”

“हसले. पाठीवर थाप मारली. म्हनले, तुमच्यासारखा सज्जन मानूस पाह्यला नाही. आजकाल जो तो आपल्या मानसासाठी आडून बोलते, तुमी तं उलटं बोलून राह्यले.” आणि हे पुढे म्हणाले, “आता आनखी काय करू?”

खरं सांगून आल्यानं त्यांची इज्जत आणखी वाढली होती. मी आत जाऊन तोंडात पदर घालून हसले, आणि मग रडले.

भावाला क्वार्टर मिळालं. सामान हलवायच्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन बसला, पाय हलवत, नव्या साहेबासारखा. मला ते बघवेना. त्याला जमिनीवर आणावं म्हणून मी बोलून टाकलं, “लय उडू नको. तुह्या भाऊजीचं मत तुले नव्हतं.”

“मालूम हाय.”

“कसं मालूम?”

“मीच विचारलं होतं त्यायले, आदल्या दिवशी. मैदानाहून संगं येत होतो आमी. त्यायनं तोंडावर सांगतलं, तुले मत नाही देऊ शकत.” त्यानं शेंगदाण्याच्या डब्यात हात घातला. “मंग मी म्हनलं, नका देऊ. माह्यं नाव निंगालं का उठून बाहेर जाऊन बसा, म्हंजे तुमाले कोनी नाव ठेवनार नाही. पटलं त्यायले. लय चांगला विचार हाय म्हनले.”

मला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं.

“तुले ठाव होतं ते लोक काय समजतीन?”

“ताई, इतले वर्सं बोथमंधी काढले. कचेऱ्या पाह्यल्या. साहेब खुर्चीवरून उठून बाहेर गेला का समजाचं, काम झालं.”

त्याच्या बोलण्यात ना लाज होती ना माज. पाऊस पडला तर छत्री उघडायची, तसं सांगितलं त्यानं. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, हे पुन्हा कुणापाशी बोलायचं नाही. तो म्हणाला, “मी कायले बोलू?”

टीम त्यानं वाईट चालवली नाही, हेही सांगायला हवं. पोरांची पाळी विचारूनच तो पळवायला लागला. फौजीचं तेवढं त्यानं उचललं. त्याला मुलगी झाली, तिचं बारसं आमच्याच अंगणात झालं. आई येऊन जावयाच्या पाया पडली, आणि हे अवघडून बाजूला सरले. मला मात्र त्या दिवसापासून एक धास्ती लागली ती कायमची. हे मैदानावरून भावाबरोबर हसत येताना दिसले की मी पायरीवरून दोघांच्या तोंडांकडे बघायची, आज कळलं का?

कारण ह्यांनी त्या गोष्टीशी समेट केला होता. फौजी गेले याचं दुःख त्यांना होतं, पण आपण खोलीबाहेर जाऊन बसलो याचं समाधान त्याहून मोठं होतं. लोक चुकीचं समजले, त्याला आपण काय करणार? आपण तर स्वच्छ राहिलो. नोकरीत मिंधेपणाचे इतके प्रसंग आले, पण त्या दिवशी मी कुणाचा नव्हतो, असं ते म्हणत. त्यांच्याकडे जपून ठेवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मी कशी काढून घेऊ?

रिटायर झाले त्या दिवशी क्लबात समारंभ झाला. हार घालून झाले, आणि हे बोलायला उभे राहिले. तीच गोष्ट सांगितली. साळ्याचं नाव आलं तेव्हा मी खोलीतून उठलो, कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनानं उठलो, असं म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना ते खरंच तसं वाटायला लागलं होतं. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती माझ्या भावानं. मग हे माझ्याकडे बघायला लागले, आणि मीही वाजवली.