पाव कमी, पाव जास्त

"टक्के किती ते नंतर. आधी कशाचे ते सांगा," असं म्हणून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. समोर विद्यार्थी असो, पालक असो की मुख्याध्यापक, सुटका नसे.

नवीन पनवेलच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. एकदा सभेत मुख्याध्यापक सर म्हणाले, "गणिताचा निकाल यंदा दहा टक्क्यांनी वाढला." बाई उठल्याच. "सर, शंभरात पन्नास पास व्हायचे, आता साठ झाले. पन्नासावर दहा. वाढ वीस टक्के."

"अहो, तुमचंच कौतुक चाललंय!"

"मग पूर्ण करा ना."

असं कुणी तुमच्याही पाहण्यात असेल. त्यांच्यासमोर आपण आकडे जपूनच बोलतो.

सातवीच्या वर्गात त्या चार तांब्यांची भरलेली कळशी न्यायच्या. पाव पाणी काढायच्या, मग उरलेल्याच्या पावाइतकं परत ओतायच्या. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी ओरडे, "बाई, पाव काढला, पाव घातला, तरी भरली नाय!"

"काढला तो भरलेल्या कळशीचा पाव. घातला तो उरलेल्याचा. उरलेल्याचा पाव लहानच असतो, बाळा."

बाईंचे यजमान कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. आडवातिडवा, ऐंशी किलोंचा, मोठ्याने हसणारा माणूस. त्यांना पोटाचा कर्करोग निघाला. सुकापूरला बाईंच्या समोरचं दार आमचं, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडत होतं आणि आम्हाला काहीच करता येत नव्हतं. डबा नेऊन द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, एवढंच.

शस्त्रक्रियेनंतर ते साठ किलोंवर आले. मी भेटायला गेले तेव्हा बाई त्यांना मोसंबी सोलून देत होत्या.

"पंचवीस टक्के कमी झालोय," ते मला म्हणाले, मग बाईंकडे वळले. "आता पंचवीस टक्के वाढलो की पहिल्यासारखा. बरोबर ना गं?"

माझ्याही डोक्यात हिशेब झाला. साठाचा पाव पंधरा. पंचाहत्तरच होणार. आता बाई चष्मा वर सरकवतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फोडीतली बी काढली.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

मला सोडायला दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळलं ना?"

मी मान हलवली.

"त्यांनाही कळत असेल हो. जन्म काट्यावर गेलाय. पण मी बरोबर म्हटलं की दोन घास जास्त जातात."

महिन्याभराने बाई शिक्षककक्षात आल्या त्या पेढे घेऊनच. "पाच टक्के वाढले!" कशाचे, ते कुणीच विचारलं नाही. सर "अरे वा" म्हणाले आणि पेढा हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी पनवेलच्या बाजारात शिंपीचाचांकडे गेलो. यजमानांचे चार शर्ट फार ढगळ होत होते, ते आत घ्यायचे होते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या, "चाचा, कापू नका हं. माया भरपूर ठेवा. पुढे उसवावे लागतील."

शर्ट तयार व्हायच्या आधीच ते पुन्हा अंथरुणाला खिळले. मग वजन करायचंच आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. दिवाळीच्या आधी ते गेले.

शर्ट आणायला मी एकटी जाते म्हटलं, पण बाई आल्या. चाचांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एक शर्ट उलटा करून शिवण दाखवली.

"देखो बाई, एक सूतसुद्धा कापलं नाय. माया पुरी ठेवलीय आत. साहेब तगडे झाले की घेऊन या, मी उसवून देतो."

मी काही बोलायच्या आत बाईंनी शर्ट सुलटा केला, घडी नीट बसवली.

"आणीन हं चाचा," त्या म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये बाई आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या.